२१४७४८३६४७: एका मोठ्या मूळ संख्येचे गुणधर्म पायरीपायरीनं कसे तपासायचे

प्रोग्रॅमिंग करणाऱ्यांना २१४७४८३६४७ हा आकडा तोंडपाठ असतो. ३२ बिटांच्या चिन्हासहित पूर्णांकात मावणारी ही सगळ्यात मोठी संख्या. १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद अशा पूर्णांकात मोजणाऱ्या जुन्या प्रणाली १९ जानेवारी २०३८ ला याच आकड्यावर येऊन अडणार आहेत. पण संगणकाच्या खूप आधी, १७७२ मध्ये, लेओनार्ड ऑयलरनं ही मूळ संख्या असल्याचं हातानं गणित करून सिद्ध केलं होतं, आणि पुढे कित्येक दशकं याहून मोठी मूळ संख्या कुणाला माहीत नव्हती.

मोठ्या मूळ संख्येबद्दल बहुतेक ठिकाणी एवढंच वाचायला मिळतं की ती आणि १ सोडून तिला दुसरा विभाजक नाही. तिथे थांबलं तर हातात काहीच लागत नाही. माझं म्हणणं असं की मूळ संख्या स्वतः फुटत नाही, म्हणून तिचा स्वभाव तिच्या दोन शेजाऱ्यांकडून ओळखायचा: तिच्याहून एकनं लहान आणि एकनं मोठी संख्या. या दोन्ही फुटतात, आणि त्यांचे अवयव कळले की मूळ संख्येबद्दलच्या जवळजवळ सगळ्या उपयोगी प्रश्नांची उत्तरं मिळू लागतात. या लेखात २१४७४८३६४७ घेऊन ते प्रत्यक्ष करून पाहू. पद्धती मात्र कोणत्याही मोठ्या मूळ संख्येला लागू पडतील अशाच निवडल्या आहेत. जी फक्त २ च्या एखाद्या घाताहून एकनं लहान असलेल्या संख्यांच्या घराण्यापुरती चालते, तिथे तसं सांगितलं आहे.

लिहिण्याची सोय म्हणून या संख्येला म म्हणू. २^३१ म्हणजे २ चा ३१ वा घात, आणि म = २^३१ − १. दोन संख्यांना म नं भागून सारखीच बाकी उरली, तर त्या "म च्या हिशेबात सारख्या" असं म्हणू.

साधनं फार लागत नाहीत. कागद, बारा अंकी कॅल्क्युलेटर आणि पायथन पुरे. पायथनमधलं पॉव हे फंक्शन तीन आकडे घेतं: पाया, घातांक आणि भाजक. ते अवाढव्य घात न काढता थेट बाकी देतं. स्प्रेडशीट मात्र इथे वापरू नका. ती १५ सार्थ अंकांपुढचं सगळं शून्य करून टाकते आणि चुकीचं उत्तर अगदी आत्मविश्वासानं दाखवते. आपल्याला १९ अंकी वर्ग हाताळायचे आहेत.

पायरी १: आकार आणि पहिली चाळणी

२ च्या घातात किती अंक आहेत हे काढायला घातांकाला ०.३०१०३ नं गुणायचं, अपूर्णांक सोडायचा आणि १ मिळवायचा. ३१ साठी ९.३३ येतात, म्हणजे दहा अंक. मोठ्या घातांकाला मात्र दशांशाच्या पाच स्थळांवर विसंबू नये. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली २^१३६२७९८४१ − १ ही आज माहीत असलेली सर्वांत मोठी मूळ संख्या. ०.३०१०३ घेतलं तर तिचे अंक ४,१०,२४,३२१ येतात, आणि ०.३०१०२९९९५७ घेतलं तर ४,१०,२४,३२०. बरोबर उत्तर दुसरं.

शाळेतल्या कसोट्या आधी उरकून घ्या. शेवटचा अंक ७, म्हणून २ आणि ५ बाद. अंकांची बेरीज ४६, म्हणून ३ नं भाग जात नाही. ९ नं भागल्यावर बाकी १. उजवीकडून एकाआड एक अधिक-उणे केलं तर १२ येतात, म्हणजे ११ नं भागल्यावरही बाकी १. ९ आणि ११ या दोघांनीही बाकी १ च द्यावी हे लक्षात ठेवा. याचा अर्थ म − १ ला या दोन्हींनी भाग जातो, आणि चौथ्या पायरीत हेच अवयव पुन्हा भेटतील.

आणखी एक चाळणी या घराण्याची खास आहे. २^प − १ अशा रूपाची संख्या मूळ असायची तर प स्वतः मूळ असावाच लागतो. प = अ × ब असेल तर २^अ − १ नं तिला भाग जाणार हे ठरलेलं. उलट बाजूनं मात्र खात्री नाही: ११ मूळ आहे, पण २^११ − १ = २०४७ = २३ × ८९. मारँ मर्सेननं १६४४ मध्ये दिलेल्या घातांकांच्या यादीत ३१ बरोबर होता, पण ६७ आणि २५७ चुकीचे निघाले, आणि ६१, ८९, १०७ त्यातून सुटले होते. या संख्या आज त्याच्याच नावानं ओळखल्या जातात.

पायरी २: भाजक कुठे शोधायचे

म चं वर्गमूळ ४६३४० च्या जरा पुढे आहे. म्हणजे सरळ भागाकारानं तपासायचं तर ४६३४० पर्यंतच्या चार हजारांहून जास्त मूळ संख्या घ्याव्या लागतील. ऑयलरनं तसं केलं नाही. भाजक असलाच तर तो कसा असेल, हे त्यानं आधी ठरवलं. तो युक्तिवाद सावकाश बघण्यासारखा आहे.

समजा भ ही मूळ संख्या म ला भागते. मग भ च्या हिशेबात २^३१ म्हणजे १. २ चा कोणता सर्वांत लहान घात १ होतो? तो घातांक ३१ ला भागणारा हवा. ३१ मूळ आहे आणि २ स्वतः १ नाही, म्हणून तो घातांक ३१ च. पण फर्माच्या छोट्या प्रमेयानुसार २^(भ−१) सुद्धा १ होतो, म्हणून भ − १ ला ३१ नं भाग जायला हवा. भ विषम आहे, तेव्हा भ − १ सम. म्हणजे भ − १ ला ६२ नं भाग जातो.

आता दुसरी अट. २^३१ म्हणजे १, तर २^३२ म्हणजे २. पण २^३२ हा २^१६ चा वर्ग आहे. म्हणजे भ च्या हिशेबात २ हा पूर्ण वर्ग झाला, आणि हे तेव्हाच घडतं जेव्हा भ ला ८ नं भागल्यावर बाकी १ किंवा ७ उरते.

दोन्ही अटी एकत्र केल्या की भाजक २४८क + १ किंवा २४८क + ६३ या दोनच साच्यांत बसतो. ४६३४० पर्यंत असे एकूण ३७३ उमेदवार आहेत, आणि त्यांतलेही बरेच लगेच गळतात. ६३, २४९, ४९७, ५५९ हे स्वतःच संयुक्त. पहिला खरा उमेदवार ३११. म ला ३११ नं भागून बघा: भागाकार ६९०५०९२, बाकी ३५. नंतर १३०३: बाकी २२६. मग १४८९: बाकी १९९. असं पुढे जायचं. पेन आणि चिकाटी असेल तर हे काम एका माणसाच्या आवाक्यातलं आहे. सरसकट भागाकाराच्या तुलनेत ते कितीतरी पटींनी कमी झालं.

हाच युक्तिवाद २^११ − १ ला लावला तर भाजक २२क + १ च्या रूपाचा हवा, आणि पहिलाच उमेदवार २३ निघतो. २^२३ − १ साठी ४६क + १, आणि तिथेही पहिलाच ४७ लागू पडतो. हे दोन्ही स्वतः करून बघा. साच्यावर विश्वास बसायला तेवढं पुरतं.

पायरी ३: उजव्या शेजाऱ्याची मदत

म + १ = २^३१. इतका सोपा उजवा शेजारी क्वचित मिळतो, आणि त्यामुळे एक विलक्षण कसोटी लागू होते: ल्यूका–लेमर कसोटी. एदुआर ल्यूकानं हिचा पाया एकोणिसाव्या शतकात घातला आणि १८७६ मध्ये २^१२७ − १ ही ३९ अंकी संख्या मूळ असल्याचं दाखवलं. आजचं सुटसुटीत रूप डी. एच. लेमरचं.

कृती अशी. ४ पासून सुरुवात करा. दर वेळी आधीच्या संख्येचा वर्ग करून त्यातून २ वजा करा आणि २^प − १ नं भागून बाकी ठेवा. असं प − २ वेळा करा. शेवटी शून्य आलं तर संख्या मूळ, नाहीतर संयुक्त. "बहुधा मूळ" असला प्रकार इथे नाही. विषम मूळ प साठी निकाल पक्का.

आधी लहान संख्येवर हात बसवा. २^७ − १ = १२७ साठी पाच फेऱ्या: ४, १४, ६७, ४२, १११, ०. शेवटच्या फेरीत १११ चा वर्ग १२३२१, त्यातून २ गेले की १२३१९, आणि ते बरोबर १२७ × ९७. संख्या मूळ. आता २०४७: ४, १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२, १७३६. शेवटी शून्य नाही, संख्या संयुक्त. भाजक कोणता हे ही कसोटी सांगत नाही, ही तिची मर्यादा.

आता म. यात २९ फेऱ्या आहेत. पहिले आकडे ४, १४, १९४, ३७६३४, १४१६३१७९५४. या शेवटच्याचा वर्ग करून २ वजा केले की २००५९५६५४६८२२७४६११४ येतात, १९ अंक. इथे भागाकार करायची गरजच नाही. म च्या हिशेबात २^३१ म्हणजे १, त्यामुळे संख्येचे २^३१ च्या पटीतले आणि उरलेले असे दोन तुकडे पाडायचे आणि ते नुसते मिळवायचे:

वरचा तुकडा ९३४०९६३०७
खालचा तुकडा १८८३०५८१७८
बेरीज २८१७१५४४८५

बेरीज म पेक्षा मोठी आहे, म्हणून एकदा म वजा करा: ६६९६७०८३८. हीच बाकी. संगणकात हे तुकडे पाडणं म्हणजे बिट सरकवणं, भागाकाराच्या मानानं फार स्वस्त काम. मोठ्या विक्रमी मूळ संख्या जवळजवळ नेहमी याच घराण्यातल्या का असतात, याचं अर्धं उत्तर या बेरजेत आहे.

चूक झाली का ते ओळखायला एक खूण आहे. शेवटी शून्य यायचं तर त्याआधीच्या संख्येचा वर्ग म च्या हिशेबात २ असायला हवा, म्हणजे ती संख्या ६५५३६ किंवा म − ६५५३६ च असणार. १२७ मध्ये पाहा: शून्याआधी १११ आलं होतं, आणि १११ = १२७ − १६, १६ चा वर्ग २५६, म्हणजे २ अधिक १२७ ची दुप्पट. तुमच्या २८ व्या फेरीत यांपैकी काही आलं नाही, तर गुणाकार पुन्हा तपासा.

ही कसोटी का चालते, हेही थोडक्यात सांगतो, कारण ते कळलं की पाठ करावं लागत नाही. २ + √३ आणि २ − √३ यांचा गुणाकार १, बेरीज ४. वर्ग करून २ वजा करणं म्हणजे या दोघांचे घात दुप्पट करत जाणं. शेवटी शून्य आलं, तर २ + √३ चा २^३० वा घात −१ होतो, म्हणजे १ वर यायला त्याला नेमके २^३१ टप्पे लागतात. आता समजा म संयुक्त आहे आणि भ हा तिचा वर्गमुळापेक्षा मोठा नसलेला मूळ भाजक आहे. भ च्या हिशेबात अ + ब√३ प्रकारच्या शून्येतर संख्या फार तर भ² − १ असतात, आणि भ² − १ हे म पेक्षाही लहान. मग २^३१ वेगवेगळे टप्पे मावणार कुठे? म्हणून असा भाजकच नाही. सगळा डोलारा म + १ हा २ चा शुद्ध घात असण्यावर उभा आहे.

पायरी ४: डाव्या शेजाऱ्याचे अवयव

म − १ = २ × (२^३० − १). कंसातली संख्या दोन वर्गांची वजाबाकी आहे, तेव्हा ती (२^१५ − १)(२^१५ + १), म्हणजे ३२७६७ × ३२७६९. पहिली ७ × ३१ × १५१, दुसरी ३ × ३ × ११ × ३३१. सगळं मिळून

म − १ = २ × ३² × ७ × ११ × ३१ × १५१ × ३३१

हे हातानं दोन-तीन मिनिटांत होतं. साधारण दहा अंकी संख्येत एवढे बारीक अवयव सहज सापडत नाहीत. इथे ते मिळाले ते संख्येच्या घडणीमुळे.

यातून पहिला थेट उपयोग: एक स्वतंत्र सिद्धता. ल्यूका–लेमर सर्व मूळ संख्यांना लागू नाही, पण पुढची पद्धत कुठल्याही मूळ संख्येला लागू आहे, फक्त म − १ चे अवयव हातात हवेत. एक पाया निवडा, इथे ७. दोन गोष्टी तपासा. ७^(म−१) ची बाकी १ यायला हवी. आणि म − १ ला २, ३, ७, ११, ३१, १५१, ३३१ यांपैकी प्रत्येकानं एकेकदा भागून जो घातांक येईल, त्या सातही घातांकांना ७ ची बाकी १ येता कामा नये. पॉव फंक्शननं आठ ओळींत हे होतं. दोन्ही अटी पुऱ्या झाल्या की ७ चे घात म − १ वेगवेगळ्या संख्यांतून फिरूनच १ वर परततात. संयुक्त संख्येत एवढी जागाच नसते, म्हणून म मूळ. वॉन प्रॅटनं १९७५ मध्ये याच कल्पनेवरून मूळपणाचं छोटं प्रमाणपत्र देण्याची रीत मांडली: एकदा पाया आणि अवयव लिहून दिले की कुणीही ते झटपट पडताळू शकतो.

पायरी ५: प्रिमिटिव्ह रूट आणि त्यामागोमाग येणारं

ज्या पायाचे घात १ पासून म − १ पर्यंतच्या सगळ्या संख्यांना भेट देतात, त्याला प्रिमिटिव्ह रूट म्हणतात. २ हा इथे अगदीच तोकडा: ३१ टप्प्यांत परत १. ३, ५, ६ हेही अपुरे पडतात. म चा सर्वांत लहान प्रिमिटिव्ह रूट ७. एकूण असे किती, हे अवयवांवरून मिळतं: १ × ६ × ६ × १० × ३० × १५० × ३३० = ५३,४६,००,०००. म्हणजे साधारण दर चार संख्यांमागे एक. त्यामुळे शोधताना फार चाचपडावं लागत नाही.

याचा एक उपयोग सगळ्या जगात पसरला. ७^५ = १६८०७. ५ आणि म − १ यांना सामाईक अवयव नाही, म्हणून १६८०७ हाही प्रिमिटिव्ह रूट. १ पासून सुरू करून दर वेळी १६८०७ नं गुणायचं आणि म नं भागून बाकी ठेवायची: १६८०७, २८२४७५२४९, १६२२६५००७३, ९८४९४३६५८… हा यादृच्छिक वाटणाऱ्या आकड्यांचा जनक १९६९ मध्ये सुचवला गेला, आणि १९८८ मध्ये पार्क आणि मिलर यांनी तो किमान दर्जा म्हणून पुढे ठेवला. सी प्लस प्लस भाषेच्या प्रमाण ग्रंथालयात तो आजही आहे. तुमचा प्रोग्रॅम बरोबर आहे का, हे पाहायला १०००० वा आकडा तपासा: तो १०४३६१८०६५ यायला हवा. चक्र म − १ आकड्यांनंतरच पूर्ण होतं, आणि त्याची हमी चौथ्या पायरीतल्या सात तपासण्यांतून मिळते.

गुप्तलेखनासाठी मात्र म सारखी संख्या निवडू नका, आणि कारण फक्त तिचा लहान आकार नाही. डावा शेजारी बारीक अवयवांत फुटतो, सर्वांत मोठा अवयव ३३१. मग "७ चा कितवा घात ही संख्या देतो?" हा एरवी अवघड प्रश्न छोट्या छोट्या प्रश्नांत विभागता येतो. १९७८ ची पोलिग–हेलमन पद्धत हेच करते. म्हणून अशा कामासाठी मूळ संख्या निवडताना डावा शेजारी २ गुणिले एक प्रचंड मूळ संख्या असा असलेला पसंत करतात. संख्या शेकडो अंकी असूनही डावा शेजारी भुसभुशीत असेल, तर आकाराचा आधार पोकळ ठरतो. मूळ संख्या तपासताना लोक या गोष्टीकडे कमी लक्ष देतात असं मला वाटतं, आणि ते धोक्याचं आहे.

पायरी ६: वर्ग, वर्गमुळं आणि वर्गांच्या बेरजा

म च्या शेवटच्या दोन अंकांवरून, म्हणजे ४७ वरून, ४ नं भागल्यावर बाकी ३ हे दिसतं. एवढ्यावरून दोन गोष्टी ठरतात. म ही दोन पूर्ण वर्गांची बेरीज होऊ शकत नाही. आणि म च्या हिशेबात −१ ला वर्गमूळ नाही. शेवटचे तीन अंक ६४७, ८ नं भागल्यावर बाकी ७, म्हणून तीन वर्गांच्या बेरजेनंही ती लिहिता येत नाही, चार लागतातच.

एखाद्या संख्येला म च्या हिशेबात वर्गमूळ आहे का, हे ऑयलरच्या कसोटीनं कळतं: तिचा (म−१)/२ वा घात काढा. १ आला तर आहे, −१ म्हणजे म − १ आला तर नाही. आता वर्गमूळ काढायचं कसं? ४ नं भागून ३ उरणाऱ्या मूळ संख्यांसाठी उत्तर तयार आहे: (म+१)/४ वा घात. आणि आपला उजवा शेजारी २^३१ असल्यामुळे हा घातांक नेमका २^२९. म्हणजे वर्गमूळ काढायला त्या संख्येचा २९ वेळा वर्ग करत जायचं. वर्ग करून करून वर्गमूळ मिळतं, हे पहिल्यांदा पाहताना मला फार आवडलं होतं.

पडताळा २ वर घ्या. २ चे घात ३१ टप्प्यांनी फिरतात, म्हणून २^२९ ला ३१ नं भागल्यावर काय उरतं ते बघायचं. २^५ म्हणजे ३२, बाकी १. तेव्हा २^२९ ची बाकी २^४, म्हणजे १६. वर्गमूळ निघालं २^१६ = ६५५३६. तिसऱ्या पायरीतला तोच आकडा. ३ वर हीच कृती केलीत तर उत्तराचा वर्ग ३ नाही, म − ३ येईल, कारण ३ ला इथे वर्गमूळ नाही. म्हणून शेवटी वर्ग करून पडताळायची सवय ठेवा.

पायरी ७: १/म चं दशांश रूप

१/७ = ०.१४२८५७ पुन्हा पुन्हा, आणि १४२ + ८५७ = ९९९ हे बऱ्याच जणांनी पाहिलेलं असतं. १/म मध्येही असंच होतं, आणि ते लांबलचक आवर्तन न लिहिता सिद्ध करता येतं. २ ला म च्या हिशेबात वर्गमूळ आहे. ५ ला नाही, कारण म ला ५ नं भागल्यावर बाकी २ उरते आणि ५ च्या हिशेबात २ हा वर्ग नाही; इथे वर्गांच्या परस्पर संबंधाचा गाऊसचा नियम वापरला. म्हणून १० ला वर्गमूळ नाही. आवर्तनाची लांबी म्हणजे १० चा जो सर्वांत लहान घात म च्या हिशेबात १ होतो त्याचा घातांक, आणि १० ला वर्गमूळ नसल्यामुळे तो सम. मिडीच्या प्रमेयानुसार, मूळ छेदाच्या आवर्तनाची लांबी सम असेल तर त्याच्या दोन अर्ध्या भागांची बेरीज सगळे ९ अशी येते.

पायरी ८: सर्वसाधारण कसोट्या वापरताना

संख्या २^प − १ च्या रूपाची नसेल आणि शेजाऱ्यांचे अवयवही सापडत नसतील, तर मिलर–राबिन कसोटी वापरतात: निवडलेल्या पायाचे घात मूळ संख्येच्या हिशेबात वागायला हवेत तसे वागतात का, हे ती पाहते. एकेका पायावर ती चालवायची. संयुक्त संख्या फार वेळ लपू शकत नाही. ३२१५०३१७५१ पेक्षा लहान कोणत्याही संख्येसाठी २, ३, ५, ७ हे चार पाये पुरतात आणि निकाल पक्का असतो. म त्या मर्यादेत बसते.

मर्सेन संख्यांसाठी मात्र एक सापळा ध्यानात ठेवा: पाया २ इथे निरुपयोगी आहे. विषम मूळ घातांकाची प्रत्येक मर्सेन संख्या, संयुक्त असली तरी, पाया २ च्या कसोटीत पास होते. २०४७ ही अशा फसव्या संख्यांमधली सर्वांत लहान. म्हणून सुरुवात ३ पासून करा.

संख्या कितीही मोठी असली तरी ती मूळ आहे की नाही हे नक्की आणि वाजवी वेळात ठरवता येतं, हे २००२ मध्ये मणिंद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी सिद्ध केलं. सिद्धांताच्या दृष्टीनं तो निकाल फार मोठा. प्रत्यक्ष कामात मात्र वरच्या पद्धतीच वेगवान पडतात.

पायरी ९: संख्यारेषेवरची जागा

म च्या अलीकडची मूळ संख्या २१४७४८३६२९, पलीकडची २१४७४८३६५९. अंतरं १८ आणि १२. एवढ्या आकाराच्या मूळ संख्यांमधलं सरासरी अंतर म च्या नैसर्गिक लॉगरिदमएवढं, म्हणजे साडेएकवीसच्या आसपास अपेक्षित असतं. म चा क्रमांक १०,५०,९७,५६५ वा. म ला तिच्या लॉगरिदमनं भागलं तर सुमारे ९ कोटी ९९ लाख ४० हजार येतात. पाच टक्क्यांच्या आत, पण कमीच. हे सूत्र या टप्प्यात कमी अंदाज देतं हे माहीत असलेलं बरं.

म पासून एक परिपूर्ण संख्याही मिळते: २^३० × म = २३०५८४३००८१३९९५२१२८. स्वतःला सोडून तिच्या सगळ्या विभाजकांची बेरीज तेवढीच भरते. युक्लिडच्या काळापासून ही रीत माहीत आहे, आणि सगळ्या सम परिपूर्ण संख्या याच रीतीनं मिळतात हे ऑयलरनं दाखवलं.

पायरी १०: म लाच घातांक केलं तर

३, ७, ३१, १२७ या स्वतः मर्सेन मूळ संख्या. त्यांना घातांक केलं तर २^३ − १, २^७ − १, २^३१ − १, २^१२७ − १ या चारही मूळ निघतात. मग २^म − १? तिचे अंक ६४ कोटींच्या वर आहेत, त्यामुळे ल्यूका–लेमर चालवणं अवघड. पण दुसरी पायरी इथेही लागू आहे: भाजक २ × म × क + १ च्या रूपाचा हवा. क = ६८७४५ घ्या. २९५२५७५२६६२६०३१ मिळतात. पायथनमध्ये पाया २, घातांक म आणि भाजक ही संख्या द्या. उत्तर १ येतं. म्हणजे फार तर साठेक गुणाकारांत ६४ कोटी अंकांची संख्या संयुक्त ठरली.

पुढचा सराव २^६१ − १ = २३०५८४३००९२१३६९३९५१ वर करा. ही मूळ असल्याचं इव्हान पेर्वुशिननं १८८३ मध्ये दाखवलं. ल्यूका–लेमरच्या ५९ फेऱ्या, दोन तुकड्यांची बेरीज ६१ बिटांवर, आणि डाव्या शेजाऱ्याचे अवयव पडताळ्यासाठी देऊन ठेवतो: २ × ३² × ५² × ७ × ११ × १३ × ३१ × ४१ × ६१ × १५१ × ३३१ × १३२१. म च्या डाव्या शेजाऱ्याचे सगळे अवयव यात आहेत, कारण ६० ला ३० नं भाग जातो.